जुन्या गाडीचं इग्निशन: प्लग वायरी, कॅप, पॉइंट, कॉइल (कामाच्या नोंदी)

५ ऑक्टोबर, शनिवार

गाडी कार्ब्युरेटरच्या काळातली. चार सिलिंडर, पॉइंटवाला (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपला डेल्को, जो ठिणगी पाळीपाळीने सिलिंडरना वाटतो, बॅटरीचं व्होल्टेज हजारोंवर नेणारी एक कॉइल, चार प्लग वायरी आणि मधली पाचवी कॉइल वायर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, डॅशबोर्डवर लागणारा कुठला दिवा नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचं इग्निशन असंच असतं, आकडे तेवढे ज्याने त्याने आपापल्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

तक्रार अशी की स्लोवर (पाय न देता इंजिन चालू असताना) मिसिंग करते, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही, दमट हवेत सकाळी तर फारच, आणि चढावर तिसऱ्यात पाय दाबला की झटके मारते, पाय थोडा सोडला की परत नीट. हे पाय सोडल्यावर नीट होणं महत्त्वाचं आहे. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, प्रेशर वाढतं, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे कुठेतरी काहीतरी एवढं कमजोर झालंय की साध्या लोडला टिकतं आणि जास्त व्होल्टेज मागितलं की दुसरीकडून निसटतं. पेट्रोल कमी पडत असेल तर साधारण गाडी हळूहळू मरते, असे कडक झटके इग्निशनचेच जास्त वेळा असतात. पैज लावण्याइतकी खात्री नाही पण सुरुवात इथूनच.

आज नुसती तपासणी, पाना कशालाच लावला नाही. गाडी स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली, म्हणजे रबरी हँडलच्या इन्सुलेटेड पकडीने बूट (वायरीच्या टोकाची रबरी टोपी) धरून, आणि काढलेली वायर लगेच इंजिनच्या लोखंडाला अर्थ करून. तशीच लोंबकळत ठेवली तर कॉइलचं व्होल्टेज बाहेर पडायला वाट शोधतं आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप नाहीतर कॉइल आतून फोडतं. १, २ आणि ४ काढल्यावर आरपीएम लगेच पडला, ३ काढल्यावर ढिम्म फरक नाही. तीन नंबर कामच करत नाहीये.

(वीस हजार व्होल्टच्या वरचा मामला आहे. करंट कमी असतो म्हणून माणूस सहसा मरत नाही पण झटक्याने हात मागे जातो तो नेमका पंख्यात, खरी भीती ती. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इग्निशनच्या आसपास जाऊच नये, हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.)

अंधार पडल्यावर पाण्याचा स्प्रे घेऊन बॉनेट उघडलं. भाचा मदतीला आहे, तो आत बसून सेल्फ मारणार आणि मी बाहेर बघणार. दिवे बंद, गाडी स्लोवर, वायरींवर बारीक फवारा. तीन नंबरच्या वायरीवर बुटापासून चार बोटं अलीकडे निळसर ठिणग्या इंजिनच्या कव्हरवर उडताना स्वच्छ दिसल्या, बारीक चटचट आवाजासकट. भाचा खिडकीतून म्हणतो, "मामा, हे नेहमी असंच असतं का?" नाही रे बाबा, नेहमी असं असतं तर पेट्रोल कोण पेटवणार.

६ ऑक्टोबर, रविवार

इंजिन पूर्ण थंड. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढले की हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर यायची शक्यता असते, त्यामुळे इथे घाई नाही. बूट काढताना वायर ओढायची नाही, बूट धरून आधी अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवायचा, चिकटलेला सुटला की मग वर. वायर ओढली की आतला कार्बन धागा टर्मिनलपासून तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. प्लग सैल करायच्या आधी तो बसतो त्या खड्ड्यातली माती हवेने उडवली, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये.

प्लग ओळीने फडक्यावर मांडले. १, २, ४ ची टोकं फिकट तपकिरी, म्हणजे मिश्रण आणि हीट रेंज (प्लगचं टोक किती गरम राहतं ते) दोन्ही बरं आहे. ३ काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा वास. जळतच नव्हतं ना. ऑइलचा ओलेपणा वेगळा असतो, तो चिकट आणि चकचकीत दिसतो, हा तसला नाही, त्यामुळे पिस्टनच्या रिंगांची चिंता आज तरी नाही.

गॅप मोजली. मॅन्युअलला ०.७ मिमी पाहिजे, इथे चारही प्लग १ मिमीच्या आसपास, मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल. गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, शिवाय गोल झालेल्या कडेवरून उडायला धारदार कडेपेक्षा जास्त लागतं, आणि हा सगळा वाढीव ताण वायर, कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा), कॉइल या सगळ्यांनी सोसायचा. प्लग स्वस्त म्हणून लोक शेवटी बदलतात, बाकीचं जे मरतं त्यातलं बरंचसं त्याच प्लगमुळे मरतं.

मग मल्टिमीटर. या वायरी कार्बन कोरच्या आहेत, यांना फुटाला काही हजार ओहम रेझिस्टन्स मुद्दामच असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. १, २, ४ लांबीप्रमाणे सात ते दहा हजार ओहमच्या दरम्यान. कॉइल वायर पाच हजार. ३ नंबर आधी चाळीस हजार दाखवते, जरा वाकवली की आकडाच गायब, सोडली की परत येतो. बूट उलटा करून बघितला तर टर्मिनलच्या आत पांढरट-हिरवी पूड आणि धाग्याचं टोक जळून काळं झालेलं, नखाने टोकरलं तर भुगाच झाला. म्हणजे ठिणगी आधी वायरीच्या आत उडत होती, मग जमलं तर प्लगमध्ये.

मीटरने सगळं कळतं असं मात्र नाही. मीटर धागा शाबूत आहे का ते सांगतो, वरचं इन्सुलेशन फुटलंय का ते सांगत नाही, कारण त्याच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला फुटलेलं इन्सुलेशन आणि चांगलं इन्सुलेशन सारखंच. त्यासाठी कालचा अंधारातला फवाराच लागतो. दोन्ही केल्याशिवाय वायरी पास करू नयेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी थोडाच वेळ होता, फक्त डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. बाहेरून कॅप अगदी बरी दिसत होती. आतून तीन नंबरच्या खुंटीपासून चार नंबरच्या खुंटीपर्यंत शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. कार्बन ट्रॅक. एकदा ही रेघ पडली की ती पुसून जात नाही, ते कॅपचं बेकेलाइट जळून झालेलं असतं, आणि जळालेला भाग करंट वाहून नेतो. घासून काढणारे लोक आहेत, थोडे दिवस चालतंही, पण कॅप नवीन घ्यायचीच.

गोष्ट जुळते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, त्यामुळे कॅपमध्ये ३ आणि ४ शेजारी. ३ ची वायर आतून तुटली, व्होल्टेजला तिकडे जायला वाट नाही, ते चढत गेलं आणि दमट हवेच्या दिवशी शेजारच्या खुंटीवर उडी मारली, आणि एकदा मारली की रोज तिथूनच. सकाळी दमटपणात जास्त मिसिंग, ते यामुळे.

रोटरचं टोक पांढरट खरबरीत झालंय, कॅपच्या मधला कार्बनचा ब्रशही झिजून आखूड. दोन्ही कॅपबरोबरच जाणार. रोटर धरून शाफ्ट बाजूला हलवून बघितला, खेळ नाही, ही आनंदाची बातमी, कारण शाफ्टचं बुश गेलं असतं तर पॉइंटची गॅप कितीही सेट केली तरी चालू गाडीत ती नाचत राहिली असती. रोटर हाताने थोडा पिळून सोडला तर टुणकन जागेवर आला, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या सेंट्रिफ्युगल अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा जिवंत आहेत.

पॉइंट मात्र बघवत नाहीत. एका बाजूला खड्डा, दुसरीकडे टेंगूळ, आणि दोन्ही निळे पडलेले. हे पॉइंट फार जुने नाहीत, गाडीबरोबरच्या कागदांत आधीच्या मालकाने बदलल्याची नोंद आहे. एवढ्यात निळे का पडले?

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दिवसभर हेच डोक्यात. पॉइंटवर खड्डा आणि टेंगूळ म्हटलं की पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना कॉइलच्या प्रायमरीतला (बॅटरीकडच्या वेटोळ्यातला) करंट एकदम तुटायला पाहिजे, तो तिथेच आर्क होऊन जळत राहू नये म्हणून कंडेन्सर असतो. त्याची किंमत कमी-जास्त असली की एका बाजूचा धातू उडून दुसऱ्या बाजूला चिकटतो. काढून मीटरवर लावला, ०.२२ मायक्रोफॅरड. अशा गाड्यांना साधारण ०.२ ते ०.२५ च्या आसपासच असतो, म्हणजे ठीक. गरम झाल्यावर बिघडणारे कंडेन्सर असतात म्हणून ड्रायरने चांगला तापवून परत मोजला, तेवढाच. कंडेन्सर निर्दोष. तरी पॉइंटबरोबर बदलणार आहेच, पण गुन्हेगार हा नाही.

मग खड्ड्यापेक्षा निळेपणाकडे बघितलं. निळं पडणं म्हणजे गरमी, गरमी म्हणजे जास्त करंट. कॉइलच्या दोन्ही वायरी काढून प्रायमरी मोजली, दीड ओहम. आणि इथे ट्यूब पेटली. दीड ओहमची कॉइल ही बॅलास्टवाली कॉइल असते, तिच्या आधी सिरीजमध्ये आणखी साधारण दीड ओहमचा रेझिस्टर पाहिजे. बॅलास्टशिवाय वापरायच्या कॉइलची प्रायमरी तीन ओहमच्या आसपास असते. दोन्ही हिशोबांत एकूण तीन ओहम, बारा व्होल्टला चार अँपियर, पॉइंट सुखी. नुसते दीड ओहम राहिले तर आठ अँपियर, रोज.

बॅलास्ट कुठे आहे म्हणून शोधला. कॉइलच्या मागे फायरवॉलला पांढऱ्या सिरॅमिकचा ठोकळा, त्यावर ग्रीस-धुळीचा थर. फडक्याने पुसला तर त्याच्या दोन्ही टर्मिनलना जोडणारा वायरीचा तुकडा सापडला, वर व्यवस्थित इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कुणीतरी बॅलास्टला बायपास मारून ठेवलाय. तुकडा काढून ठोकळा मोजला तर आतली तार तुटलेली, आकडाच नाही.

काय झालं असेल ते सांगता येतं. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या आसपास पडतं, म्हणून त्या वेळेपुरता कॉइलला बॅलास्ट टाळून सरळ सप्लाय मिळतो, म्हणजे ठिणगी कडक राहते. किल्ली सोडली की सप्लाय बॅलास्टमधून. बॅलास्ट तुटला की गाडी सेल्फला लगेच चालू होते आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद. हे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये झालं, त्याने वायरीचा तुकडा टाकला, गाडी चालू, गिऱ्हाईक खूश. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला हा उपाय मीही करेन. पण तो तसाच टेप मारून कायमचा ठेवणं, आणि पुढच्या माणसाने पॉइंट, कॉइल, वायरी बदलत बसणं, ही गोष्ट वेगळी. या गाडीचे पॉइंट जळत होते ते पॉइंट वाईट होते म्हणून नाही.

खात्री करायची एक साधी पद्धत: तुकडा परत जोडून इग्निशन ऑन, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलच्या प्लसवर व्होल्ट. बॅलास्ट काम करत असेल तर साधारण सहा ते आठच्या आसपास दिसायला पाहिजे, माझ्याकडे बाराच्या जवळ. पॉइंट मिटलेले असणं गरजेचं, उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि चांगला बॅलास्ट असला तरी बाराच दिसतात, त्यात बरेच जण फसतात. आणि असं मोजताना इग्निशन ऑन ठेवून गप्पा मारायला जायचं नाही, कॉइल तापते.

कॉइलची सेकंडरी (प्लगकडचं वेटोळं) नऊ हजार ओहम, त्यात काही वाईट नाही. पण आठ अँपियरवर भाजून निघालेली कॉइल आहे, तळाला ऑइलचा ओघळ आलाय. कॉइलही बदलायची. यादी वाढली.

१३ ऑक्टोबर, रविवार

सामान ठरवायचा दिवस. सगळं मूळ पद्धतीनेच ठेवतोय: दीड ओहमची कॉइल, जुळणारा बॅलास्ट, पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर, वायर सेट, प्लग.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचा सल्ला सगळीकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. गॅप सेट करायची भानगड नाही, रबिंग ब्लॉक (शाफ्टवरच्या कॅमला घासून पॉइंट उघडणारा तुकडा) झिजत नाही, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलत नाही. ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्याने खुशाल बसवावं, फक्त मॉड्यूलला किती ओहमची कॉइल चालते ते आधी वाचावं. मला पॉइंट हवेत, कारण पॉइंट मरताना आधी आठवडे कुरकुर करतात आणि रस्त्यात अडले तर पोलिश पेपरच्या तुकड्यावर भागतं, मॉड्यूल मात्र गेलं की गेलं. ही आवड आहे, इंजिनिअरिंग नाही, मान्य.

तसंही ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची रचना चार्ल्स केटरिंगने अमेरिकेत बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅकपासून ती गाड्यांत आली, पुढे साठेक वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या मुख्यतः तिच्यावरच चालल्या.

वायरींबद्दल: ७ मिमीचा सिलिकॉन जॅकेटवाला, आत बारीक तार गुंडाळलेला स्पायरल सेट घेतला. ८ मिमीच्या लाल-पिवळ्या वायरींनी ताकद वाढते वगैरे काही नसतं, जाडी असते ती इन्सुलेशनची, आणि स्टॉक इंजिनला ७ भरपूर. नुसत्या तांब्याच्या कोरच्या वायरी मी घेत नाही, रेझिस्टन्स नसल्यामुळे रेडिओत भयंकर खरखर येते, मग रेझिस्टरवाले प्लग किंवा कॅप लावा, ते द्राविडी प्राणायाम कशाला.

प्लग एनजीकेचे बीपी६ईएस, मॅन्युअलमध्ये तोच नंबर. नंबर दुसऱ्या कंपनीशी जुळवताना सांभाळा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम, बरोब्बर उलटं. अंदाजाने सहाच्या जागी सहा म्हणून घेऊ नका, कंपनीचा तक्ता बघा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सामान हातात. सकाळी लवकर सुरुवात.

आधी प्लग. नवीन असले तरी गॅप मोजून घ्यायची, एक ०.८ ला निघाला, तो बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच ठोकून ०.७ ला आणला, मधल्या इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही. हाताने, म्हणजे प्लगवर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनी फिरवत बसवले, आटे चुकीचे धरले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. शेवट टॉर्क पान्याने २५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकेपर्यंत आणि मग नवीन वॉशरला साधारण अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस-बिस लावलं नाही, आटे ओले असले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

कॅपच्या वायरी एकेक करूनच बदलायच्या, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण इथे कॅपही बदलायची होती. म्हणून नवीन कॅप जुन्या कॅपच्या शेजारी त्याच दिशेने धरली, खाच खाचेला जुळवून, आणि एक वायर जुन्यातून काढली की त्याच जागेची नवीन वायर नव्यात. भाच्याला मोठ्याने म्हणायला लावलं, एक-तीन-चार-दोन. त्याने विचारलं, "मामा, एक-दोन-तीन-चार का नाही ठेवत सरळ?" कारण क्रँकशाफ्टवर १ आणि ४ एकत्र वर येतात, २ आणि ३ एकत्र. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक जाळ पाहिजे तर १ नंतर येऊ शकतात फक्त २ किंवा ३, एक-दोन-तीन-चार जमतच नाही. काही गाड्यांत १-२-४-३ पण असतं. त्याला पटलं, निदान तो गप्प बसला.

बूट कॅपच्या टॉवरवर बसवताना आत हवा कोंडते आणि वायर थोड्या वेळाने आपोआप वर सरकते. बूट बसवल्यावर कड जरा उचलून हवा सोडायची, आत टर्मिनल टक् करून बसल्याचं बोटाला कळतं. बुटाच्या आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ, म्हणजे पुढच्या वेळी बूट चिकटणार नाही आणि पाणी शिरणार नाही.

वायरींची वाट हा मुद्दा कुणी फारसा मनावर घेत नाही. ३ आणि ४ इंजिनवर शेजारी आणि फायरिंगमध्येही एकामागून एक. दोन्ही वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर ३ च्या वायरीतला झटका ४ च्या वायरीत उतरू शकतो, आणि त्या वेळी ४ चा पिस्टन नुकता कॉम्प्रेशनला निघालेला असतो, प्रेशर कमी, अशा वेळी लहानशी ठिणगीसुद्धा पुरते. मिश्रण वेळेच्या फार आधी पेटलं की इंजिन ठोकतं. २ आणि १ चंही तसंच, २ नंतर १. म्हणून सेपरेटर क्लिप लावून ३-४ लांब ठेवल्या, जिथे ओलांडाव्या लागतात तिथे आडव्या ओलांडल्या, आणि एक्झॉस्टपासून सगळ्या दूर. आधीच्या बांधणीत चारही वायरी एकाच पट्ट्याने करकचून आवळलेल्या होत्या, दिसायला फार सुंदर.

दुपारनंतर कॉइल आणि बॅलास्ट. नवा बॅलास्ट १.६ ओहम, चालेल. बायपासची वायर काढून टाकली, सेल्फच्या वेळचा सरळ सप्लाय येतोय ना ते भाच्याला किल्ली फिरवायला लावून टेस्ट लँपने बघितलं, येतोय. कॉइलचं मायनस डिस्ट्रिब्युटरकडे, कारण गाडी निगेटिव्ह अर्थची. उलटं जोडलं तरी गाडी चालते, म्हणून ते लक्षात येत नाही, पण मग प्लगच्या गरम मधल्या इलेक्ट्रोडऐवजी थंड बाजूच्या इलेक्ट्रोडवरून ठिणगी निघायला लागते आणि त्याला बरंच जास्त व्होल्टेज लागतं.

इग्निशन ऑन, पॉइंट मिटलेले, कॉइलच्या प्लसवर ५.८ व्होल्ट. हा आकडा बघून जेवढं बरं वाटलं तेवढं नवीन वायरी बघून वाटलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

पॉइंट. जुने काढताना बारीक स्क्रू डिस्ट्रिब्युटरच्या पोटात पडू नये म्हणून खाली फडकं कोंबलं आणि मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर वापरला. नवीन पॉइंटवर कंपनीचं संरक्षक तेल असतं, ते पुसून घ्यायचं. कॅमला पॉइंटचं खास ग्रीस, तांदळाएवढं, जास्त लावलं तर उडून पॉइंटवरच बसतं.

इंजिन फिरवून रबिंग ब्लॉक कॅमच्या टोकावर आणला. इंजिन फिरवायला प्लग काढलेले नसतील तर टॉप गिअरमध्ये गाडी हळूच ढकलायची, बरोबर फिरतं. फिलर गेज स्वच्छ पुसून ०.४५ मिमी, गेज सरकताना हलका अडसर, बस. मग गाडी चालू करून ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते) मीटर, ५३ अंश, माझ्या मॅन्युअलच्या हद्दीत.

ड्वेल आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करून उपयोग नाही. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं, गॅप कमी झाली की मागे. रबिंग ब्लॉक झिजत जातो तशी गॅप कमी होते आणि गाडी दर महिन्याला थोडीथोडी मठ्ठ होत जाते, चालवणाऱ्याला कळतच नाही.

चालू करायच्या आधीच टेस्ट लँपने स्टॅटिक टायमिंग लावून ठेवलं होतं. एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट, इंजिन फिरवताना बोट बाहेर ढकललं गेलं की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, मग पुलीवरची खूण १० अंशावर आणायची. फक्त खूण बघून चालत नाही, डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो आणि खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, त्यातली एक चुकीची. लँप कॉइलच्या मायनस आणि अर्थमध्ये, इग्निशन ऑन. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून बॉडी रोटरच्या दिशेने फिरवली, लँप विझला, मग उलट दिशेने अगदी हळू, जिथे लँप लागला तिथे पॉइंट उघडले, तिथेच नट आवळला.

नंतर स्ट्रोबने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) तपासलं. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद, स्लो ८००, क्लॅम्प एक नंबरच्या वायरीवर. ८ अंश दिसले, बॉडी केसभर हलवून १० केले. रेस दिली तर खूण एकसारखी वर सरकत गेली, सोडली तर परत १० वर.

व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (हलक्या पायाला ठिणगी लवकर पाडणारं युनिट) मात्र नापास. नळी तोंडात धरून ओढलं, प्लेट हलते, पण जिभेने नळी दाबून धरली तर दोन सेकंदांत मागे येते. डायफ्राममध्ये बारीक छिद्र. सध्या कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करून ठेवलंय, म्हणजे हवा तरी ओढणार नाही. फुल लोडला फरक पडत नाही, हलक्या पायाने सरळ रस्त्यावर चालवताना अ‍ॅव्हरेज कमी देईल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर चालवून बॉनेट परत उघडलं. चढावर तिसऱ्यात पूर्ण पाय, एकही झटका नाही. बुधवारी सकाळी चांगली दमट हवा होती, पहिल्या सेल्फला चालू आणि स्लो स्थिर. अंधारात परत फवारा मारला, कुठेही ठिणगी नाही, भाच्याची थोडी निराशा झाली.

पॉइंट उघडून बघितले, पृष्ठभाग राखाडी, एकसारखा, निळेपणाचा मागमूस नाही. गॅप ०.४३, नवीन ब्लॉक सुरुवातीला थोडा बसतोच, ०.४५ ला आणून टायमिंग परत तपासलं, १० वरच आहे. कॉइलला हात लावता येतो, आधी लावता येत नव्हता. तीन नंबरचा प्लग काढला, फिकट तपकिरी व्हायला लागलाय, बाकीच्या तिघांपेक्षा जरा गडद.

उरलेलं: व्हॅक्यूम युनिट मिळालं की बसवायचं. आणि थंड असताना एकदम पाय दिला की क्षणभर गुदमरते, ते आधीच्या झटक्यांत लपलं होतं, आता वेगळं कळतं. ठिणगी नीट असताना असं होतंय म्हणजे कार्ब्युरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंप (पाय दिला की जास्तीचं पेट्रोल मारणारा) बघायला लागेल, एअर क्लीनर काढून थ्रॉटल दाबलं तर जेटमधून धार येते पण पातळ आणि उशिरा. त्याचा डायफ्राम किट मागवलाय.